सुण्याचे नाक आणि आमची लेखणी

आमचे लाटंबार्से दिचोली तालुक्याच्या टोकाला. थोडे पुढे गेले की दोडामार्ग लागते आणि महाराष्ट्र सुरू होतो. सरहद्दीवर माणसांना नाका आहे, वाहनांना आडवी दांडी आहे. कुत्र्यांना मात्र यांपैकी काहीच नाही. सकाळी आमच्या अंगणात पेज चाटून गेलेले कुत्रे दुपारी पलीकडच्या हॉटेलासमोर झोपलेले मी अनेकदा पाहिले आहे. इकडे त्याला ‘सुणें’ म्हणतात आणि शाळेच्या वहीत ‘कुत्रा’. दोन्ही नावांना ते सारखीच शेपटी हलवते.

मी इतिहासाचा एम.ए., पण आमच्यासारख्या शाळांत एका माणसाला दोन-तीन विषय ओढावे लागतात, म्हणून सुरुवातीची बरीच वर्षे मी मराठीही शिकवले. त्या काळात ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावरचे शेकडो निबंध मी तपासले असतील. त्यांतले निम्म्याहून अधिक कुत्र्यावर असत, आणि सगळ्यांचे पहिले वाक्य एकच असे : कुत्रा हा इमानी प्राणी आहे. पुढे चार पाय, एक शेपूट, घराची राखण. शेवटी पुन्हा इमान.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे सुमारे ३० वर्षांपूर्वी, एका मुलाची वही वेगळी निघाली. नाव सांगत नाही. त्याने लिहिले होते की आमचे सुणे पावसात भिजून आले की त्याची कुबटाण येते आणि आई त्याला आत घेत नाही. आजी वारली त्या रात्री मात्र ते आत आले आणि तिच्या कांबळीवर जाऊन निजले, कारण आजीचा वास तिथेच उरला होता. दुसऱ्या दिवशी आईने कांबळी धुतली, आणि मग ते घरभर हुंगत फिरले. निबंध एवढाच. मी ‘सुणे’खाली रेघ मारली, ‘कुबटाण’खाली मारली, ‘निजले’खालीही मारली. समासात लिहिले, ‘प्रमाण भाषा वापरा. उपयोग व इमानदारी हे मुद्दे राहिले.’ आणि दहापैकी चार गुण दिले.

ती लाल शाई पुढे मला फार छळणार होती. पण ते यथावकाश.

आधी त्या ‘सुणे’ या शब्दाची कैफियत. ज्याला मी अशुद्ध ठरवले तो शब्द संस्कृतातल्या श्वन्, शुनी, शुनक या कुळातला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा नावाची देवशुनी आहे. पणींनी दडवून ठेवलेल्या गाईंचा माग काढीत ती रसा नदी ओलांडून जाते. पणी तिला बहीण मानण्याचे आमिष दाखवतात, ती ते नाकारते. देवांना जे सापडले नाही ते एका कुत्रीला सापडले, आणि तिच्या नावावरूनच ‘सारमेय’ हा शब्द झाला. म्हणजे आमच्या आजीच्या तोंडचे ‘सुणें’ वेदातल्या त्या शुनीचे नातेवाईक, आणि मी त्याला वहीतून हाकलले ते प्रमाण भाषेच्या नावाने!

पुढचा दाखला कानडी मुलखातला. सरहद्दीवरच्या वाचकांना तो परका वाटू नये. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी दहाव्या शतकातला एक वीरगळ होता, तो आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मेहुणा गंग राजा दुसरा बूतुग यांनी इ.स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. चोळ राजपुत्र राजादित्य त्या लढाईत पडला. लढाईत बूतुगाचा मनलेर नावाचा सेवक पराक्रमाने लढला. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, हवे ते माग. त्याने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाची ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे ही काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. मनलेराने देवळासमोर तिच्या स्मरणार्थ दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पुजाऱ्याने दगडाची पूजा न करता जेवू नये, जेवल्यास पाप लागेल, असेही कोरून ठेवले. दगडावर कुत्री आणि डुक्कर एकमेकांना भिडलेली दाखवली आहेत, आणि भोवती कानडी अक्षरे. एका साम्राज्याचा विजय आणि एका कुत्रीचा मृत्यू एकाच दगडावर नोंदवलेला दुसरीकडे कुठे पाहण्यात नाही.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहितो, इ.स. ११२९ च्या सुमारास. याची बहीण मैळलदेवी गोव्याच्या दुसऱ्या जयकेशी कदंबाला दिलेली, तेव्हा हा आम्हा गोवेकरांचाही पाहुणाच. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ माहीत असतो तो त्यातल्या जुन्या मराठी गीतपंक्तींमुळे. पण त्यात राजाच्या करमणुकींमध्ये एक सारमेयविनोदही आहे. शिकारी कुत्रे कसे निवडावेत, चांगल्या कुत्र्याची लक्षणे कोणती, हे सारे त्यात येते. वर्णन नेटके आहे. मात्र ते कुत्र्याकडे पाहणाऱ्याचे आहे.

मराठ्यांच्या इतिहासात ज्याची नोंद आहे तो कुत्रा म्हणजे सातारच्या शाहू महाराजांचा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, महाराजांच्या समाधीजवळ त्याचेही स्मारक आहे, आणि लोक त्याला खंड्या म्हणून ओळखतात. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची हकीकत दिली आहे. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, एकदा तर जरीचे कपडे घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफसाहेबांना यात अखेरच्या वर्षांतला बुद्धिभ्रम दिसला. मला विचाराल तर भर दरबारात कितीतरी कमी लायकीच्या डोक्यांवर पगड्या होत्या. असो. १७४९ मध्ये महाराज गेले. सनदा देणारा गेला, घेणारा गेला, माहुलीचा दगड राहिला.

आता हे दाखले एकत्र ठेवून पाहा. सरमेला सूक्त मिळाले, काळीला वीरगळ, खंड्याला पालखी. दत्तगुरूंच्या पायाशी तर चार कुत्रे आहेतच, आणि नामदेवांनी तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावावे असेही एक भाग्यवान कुत्रे आपल्या कथांत आहे. आपण कुत्र्याला मान कमी दिला असे कोणी म्हणू नये. पण या साऱ्यांत कुत्रे काय करते ते आहे, त्याला काय जाणवते ते नाही. काळीला त्या डुकराचा वास आधी किती अंतरावरून आला असेल? तक्कोलमहून परतलेल्या नव्या धन्याच्या अंगाला कसला वास येत असेल? दगड यावर गप्प आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे निबंधही त्याच घाटाचे होते. पराक्रम, उपयोग, इमान. त्या मुलांनी काही वेगळे केले नाही, वीरगळच लिहिले.

हे माझ्या ध्यानात आले ते एका इंग्रजी पुस्तकामुळे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून (ते १८३२ साली स्थापन झाले, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी ते एक) मी व्हर्जिनिया वूल्फ यांचे ‘फ्लश’ आणले, केवळ ते पातळ आहे म्हणून. १९३३ साली निघालेले हे पुस्तक म्हणायला चरित्र, वाचायला कादंबरी. फ्लश हा कुत्रा काल्पनिक नाही. एलिझाबेथ बॅरेट ही लंडनमधली आजारी कवयित्री. १८४० मध्ये तिचा लाडका भाऊ समुद्रात बुडाला. त्या दुःखात ती असताना मेरी मिटफर्ड या लेखिकेने तिला स्पॅनियल जातीचे हे कुत्रे दिले. विंपोल स्ट्रीटवरच्या ५० क्रमांकाच्या घरात, पडदे ओढलेल्या एका खोलीत, कवयित्री आणि कुत्रा वर्षानुवर्षे राहिली. बाप कडक. मुलांपैकी कोणीही लग्न करू नये अशी त्याची इच्छा.

इतिहासाच्या माणसाला या पुस्तकात गोडी वाटते ती त्याच्या साधनांमुळे. वूल्फबाईंनी बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग यांचा पत्रव्यवहार वाचला आणि त्यात जागोजागी आलेला कुत्रा उचलला. लंडनमध्ये त्या काळी श्रीमंतांची कुत्री पळवून खंडणी घेणाऱ्या टोळ्या होत्या. फ्लश तीनदा पळवला गेला, पुस्तकात त्याची एकच चोरी केली आहे. सप्टेंबर १८४६ मध्ये तो शेवटचा नेला गेला तेव्हा बाप आणि भाऊ म्हणाले, पैसे देऊ नकोस. खुद्द ब्राउनिंगनेही तत्त्व म्हणून खंडणीला विरोध केला. तेव्हा ही बाई, जी खोलीबाहेर क्वचितच पडे, मोलकरणीला बरोबर घेऊन गाडीतून चोरांच्या वस्तीत गेली. फ्लश परत आला, आणि त्याच महिन्याच्या १२ तारखेला तिने ब्राउनिंगशी गुपचूप लग्न केले. आठवड्याने दोघे इटलीला निघाली, कुत्र्यासह. जी बाई कुत्र्यासाठी बापाचे न ऐकता त्या वस्तीत जाऊ शकली तिला लग्नाला जाण्याइतके बळ तिथेच आले असावे, असा माझा कयास आहे.

हे सगळे पत्रांत होतेच. वूल्फबाईंनी भर घातली ती नाकाची. विंपोल स्ट्रीटची ती खोली आपल्याला आधी दिसत नाही, तिचा वास येतो. कोलन वॉटरचा, बंद खोलीचा. ब्राउनिंग हा प्रियकर येण्याआधी तो एक अनोळखी पाऊल म्हणून जिन्यावर ऐकू येतो. पुढे फ्लॉरेन्समध्ये तर कुत्र्याला अख्खे शहरच वासांचे मिळते. बाजाराचे, कारागिरांच्या दुकानांचे, देवळांतल्या धुपाचे वास. आणि एक जागा मी दोनदा वाचली : तिथल्या दगडांवर कोरलेली लॅटिन अक्षरे फ्लशला पंजाच्या मऊ गादीवर उमटलेली जाणवतात. आतकूरचा दगड आम्ही इतिहासवाले डोळ्यांनी वाचतो. शिलालेख पायांनीही वाचता येतो, हे एका कुत्र्याकडून कळले.

त्याच पुस्तकात बाईंची एक तक्रार आहे. माणसाच्या भाषेत वासांसाठी शब्दच नाहीत, जे आहेत ते बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे जगातले मोठमोठे कवीही कुत्र्याच्या जगापुढे मुके ठरतात, असा तिचा आशय. मी ग्रंथालयाच्या बाकावरच पुस्तक मिटले. कारण मला कुबटाण आठवली.

इंग्रजीत नसतील शब्द. आमच्या घरात होते. भात तळाशी लागला की करपटाण. दिव्याची वात विझली की जळकटाण. बंद पेटीतल्या कपड्यांना कुबटाण, जुन्या उशीला तेलटाण, बाजारातून आणलेल्या बांगड्यांना हिंवसाण. देवळातल्या शेवंतीला मात्र परमळ. अलीकडे कोकणी, पलीकडे मालवणी, वर्गात मराठी, आणि या तिन्ही घरांतून हे शब्द थोड्याफार फरकाने फिरतात. मूळ शब्दाला ‘आण’ जोडली की वास तयार. एवढी सोय जिच्याजवळ आहे त्या बोलीतल्या मुलाने ती वापरली, आणि मी त्याचे सहा गुण कापले. ज्या शब्दासाठी लंडनची एवढी मोठी लेखिका अडून बसली होती तो लाटंबार्शाच्या वहीत होता, आणि त्याखाली लाल रेघ होती.

कुत्र्याच्या नाकाने घर लिहिण्याचे श्रेय एकट्या वूल्फबाईंचे नाही. चेखव्हने १८८७ साली ‘काश्तांका’ ही गोष्ट लिहिली. त्यातल्या हरवलेल्या कुत्रीला जुने घर आठवते ते सुताराच्या सरसाच्या आणि लाकडाच्या वासातून. नवा धनी चांगले खाऊ घालतो, तरी ती सर्कशीच्या तंबूत ओळखीचा आवाज ऐकताच जुन्या, गरीब, मारकुट्या घराकडे धाव घेते. ‘इमान’ हा शब्द न वापरता इमान असे दाखवता येते.

अलीकडे माझ्या भाचीने एक जाडजूड अमेरिकन कादंबरी आणून दिली. डेव्हिड रोब्लेव्स्की यांची ‘द स्टोरी ऑफ एडगर सॉटेल’, २००८ सालची. विस्कॉन्सिनमधल्या शेतावर राहणारे सॉटेल कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कुत्री पाळते, त्यांची निवड करते, त्यांना शिकवते, आणि प्रत्येक पिल्लाची नोंद ठेवते. आमच्या सोमेश्वराला ते काम आवडले असते. या घरातला एकुलता मुलगा एडगर जन्मतः मुका आहे. ऐकू येते, आवाज मात्र फुटत नाही. तो खुणांनी बोलतो, माणसांशी आणि कुत्र्यांशीही. कथानक शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’च्या वळणाने जाते : काका, बाप, विष, सूड. तो भाग मला थोडा ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. पण कुत्र्यांची पाने मी सावकाश वाचली.

आल्माँडीन ही त्या घरातली जुनी कुत्री. काही प्रकरणे तिच्या बाजूने लिहिलेली आहेत. पाळण्यातले मूल रडते पण आवाज होत नाही. थकलेली आई झोपलेली, तिला कळणार कसे? कळते ते आल्माँडीनला. त्या घरात आपले काम काय आहे हे तिला त्या क्षणी उमगते. पुढे एडगर घर सोडून जातो तेव्हा ती त्याला शोधत राहते. हे वाचताना मला ती कांबळी दिसत होती. आणखी एक प्रसंग. बाप कोठारात कोसळतो. मुलगा धावत फोनकडे जातो, क्रमांक फिरवतो, पण बोलणार काय? पलीकडचा माणूस विचारत राहतो आणि याच्या तोंडून शब्द येत नाही. नंतर एका पावसाच्या रात्री बाप त्याला दिसतो, तो पावसाच्याच थेंबांनी घडलेला. आषाढात आमच्या सोप्यावर बसून समोरच्या कुळागरावर पडणारा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे खोटे वाटणार नाही. पाण्याच्या पडद्यात माणसे दिसतात आपल्यालाही.

कुत्र्याचे जग आपल्यापेक्षा वेगळे असते ही कवींची कल्पना नव्हे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात असे सांगतात, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे वीस-तीस कोटी. रंगांत मात्र ते आपल्याहून गरीब. निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. आमच्या तालुक्यात वर्षानुवर्षे खाणींचे ट्रक धावले. २०१२ साली खाणी बंद पडल्या तोवर रस्त्याकडेची झाडे, कौले, वाळत घातलेली धोतरे सगळे लाल. आम्ही त्या लालीबद्दल लेख लिहिले, सभा घेतल्या. आमच्याही घरी एक काळी होती (आतकूरची हकीकत मला ठाऊक नसतानाचे नाव), तिला ती माती लाल दिसतच नव्हती. ती फक्त संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाचे पाय हुंगत असे. खाणीवरून आलेल्याचे पाय ती जास्त वेळ हुंगे. तिथले लोखंड, डिझेल, दमलेल्या माणसाचा घाम, यांतले तिला काय कळत होते देव जाणे. माझे पाय ती चटकन सोडून द्यायची. खडूत तिला रस नसावा.

ती गेली तेव्हा माझ्या आईने तिची गोणपाटाची पथारी चार दिवस उचलू दिली नाही. मी म्हटले, धुवून टाकूया. आई म्हणाली, “रावं दी रे. सुण्याचो वास आसा मरे अजून.” मी इतिहासाचा माणूस. वस्तू जपून ठेवाव्यात हे वर्गात शिकवतो. वास जपून ठेवायचा असतो हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हते.

मुख्याध्यापक झाल्यावर मी एक बदल केला. सहामाहीच्या पेपरात ‘माझा आवडता प्राणी’ ऐवजी ‘आमच्या घराचा वास’ हा विषय घालायला लावला. आमच्या एका शिक्षिकेने विचारले, “सर, यात मुद्दे काय अपेक्षित आहेत?” मी म्हटले, मुद्दे नकोत. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी उदबत्तीवर लिहिले, कारण परीक्षेत बाकीचे वास सांगायचे नसतात हे त्यांना कोणीतरी फार पूर्वी शिकवून ठेवले होते. कोणी, ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी एका मुलीने गोठ्याचा वास लिहिला, एकाने बापाच्या मोटरसायकलचा, एकाने मुंबईहून सुटीला आलेल्या काकाच्या बॅगेचा. घरातला टायगर ती बॅग उघडण्याआधीच खूश होतो म्हणे. ‘हिंवसाण’ तीन वह्यांत आली. कोणाखालीही रेघ मारू नका, असे मी तपासणाऱ्यांना सांगितले होते. एकाने पेन्सिलीने हलकीशी मारलीच.

यंदाच्या चतुर्थीआधी सामान आणायला दोडामार्गच्या बाजारात गेलो होतो. तिथे तो भेटला, कांबळीच्या निबंधाचा मुलगा. आता चाळिशी ओलांडलेला. खाणी बंद झाल्यावर ट्रक विकून त्याने टेंपो घेतला आहे. मला ओळखून हाक मारली, हॉटेलात नेले. इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि मी धीर करून विचारले, तुझ्या घरचे ते सुणे, आजीच्या कांबळीवर निजणारे, त्याचे पुढे काय झाले? तो थोडा वेळ आठवत राहिला.

“खंयचें सुणें, सर?” मग हसून म्हणाला, “म्हाका याद ना. चार गूण दिल्लेत तुमी, तें याद आसा.”

चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.